शिकाऊ परवान्याची चाचणी : पुस्तकातील प्रश्न आणि घोटीचा रस्ता

घोटी हे नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्याचे बाजारपेठेचे गाव. मुंबई-आग्रा महामार्ग गावाला लागून जातो. सिन्नरकडे, भंडारदऱ्याकडे आणि वैतरणामार्गे त्र्यंबकेश्वरकडे जाणारे रस्ते येथूनच फुटतात. भाताच्या हंगामात या रस्त्यांवर पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर आणि मालमोटारी असतात, पावसाळ्यात धुके उतरते आणि शनिवार-रविवारी मुंबई-नाशिकच्या पर्यटकांच्या मोटारी भावली धरणाची किंवा कळसूबाईची वाट विचारत फिरतात. अशा गावात अठरा वर्षे पूर्ण होताच मुलामुलींना पहिली ओढ लागते ती वाहन परवान्याची. शेतमाल बाजारात नेणे, महाविद्यालयासाठी नाशिक गाठणे, कारखान्यातील पाळीला वेळेवर पोहोचणे या सगळ्यांसाठी दुचाकी लागते आणि दुचाकीसाठी परवाना.

या परवान्याची पहिली पायरी म्हणजे शिकाऊ अनुज्ञप्ती, अर्थात बोलीभाषेतील ‘लर्निंग लायसन’. ती मिळण्यापूर्वी द्यावी लागणारी चाचणी फारशी अवघड नाही. नेमक्या याच कारणामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होते. ‘दोन-चार चिन्हे पाहून जा, निभावून जाईल’ असा सल्ला घरोघरी मिळतो. तो अगदीच चुकीचा नाही. मात्र, या चाचणीत जे विचारले जाते, ते कसाऱ्याच्या घाटात आणि गावाच्या फाट्यावर दुसऱ्याच दिवशी उपयोगी पडणारे असते, ही गोष्ट त्या सल्ल्यात राहून जाते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच वर्षीच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११ मध्ये शिकाऊ परवान्याच्या प्राथमिक चाचणीचा अभ्यासक्रम चार मुद्द्यांत सांगितला आहे. पहिला मुद्दा वाहतुकीची चिन्हे, संकेत आणि रस्त्याचे नियम यांचा. दुसरा, अपघातात कोणी मृत वा जखमी झाल्यास किंवा मालमत्तेची हानी झाल्यास चालकाची कर्तव्ये कोणती याचा. तिसरा, राखणदार नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायच्या काळजीचा आणि चौथा, वाहन चालविताना जवळ बाळगावयाच्या कागदपत्रांचा. बाजारात मिळणारी सगळी मार्गदर्शक पुस्तके या चार मुद्द्यांभोवतीच फिरतात. तेव्हा उमेदवाराने पुस्तकाच्या जाडीला घाबरण्याचे कारण नाही.

उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. संगणकावरील चाचणीत १५ प्रश्न विचारले जातात आणि त्यांपैकी ९ बरोबर असणे आवश्यक असते. प्रत्येक प्रश्नाला पर्यायी उत्तरे असतात आणि वेळ सेकंदांत मोजला जातो. चाचणी मराठीतून देता येते. नापास झालेल्या उमेदवाराला चाचणीचे शुल्क पुन्हा भरून दुसऱ्यांदा बसता येते.

वयाची अट सर्वांना ठाऊक असते, पण अर्धीच. गिअर असलेल्या दुचाकीसाठी आणि मोटारीसाठी १८ वर्षे पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो केवळ ५० सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या दुचाकीसाठी आणि आजच्या बहुतेक स्कूटर या मर्यादेत बसत नाहीत. प्रवासी वा मालवाहतुकीचे वाहन चालवायचे असेल, तर किमान वय २० आहे. कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवाना नाही, असे या तरतुदीचे स्वरूप आहे. दहावी पास झाल्याबद्दल मोटारसायकल भेट देणाऱ्या वडिलांनी हे कलम एकदा वाचावे.

अर्ज परिवहन विभागाच्या ‘सारथी’ या संकेतस्थळावर करावा लागतो. घोटीचा उमेदवार नाशिकच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या, म्हणजे एमएच-१५ च्या हद्दीत येतो. पूर्वी केवळ या चाचणीसाठी सुमारे ३५ किलोमीटरचा प्रवास करून नाशिकला जावे लागे आणि नापास झाल्यास तोच प्रवास पुन्हा. जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या आधारे घरबसल्या चाचणी देण्याची सोय झाली. नाव, पत्ता व छायाचित्र आधारच्या नोंदीतून घेतले जाते, रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहावी लागते आणि त्यानंतर प्रश्न समोर येतात. आधारचा पर्याय न निवडणाऱ्यांना कार्यालयात जाऊनच चाचणी द्यावी लागते. वयाची चाळिशी ओलांडलेल्यांना, तसेच व्यावसायिक वाहनासाठी अर्ज करणाऱ्यांना डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. इतरांना शारीरिक क्षमतेचे स्वयंघोषणापत्र पुरते.

चिन्हांचे व्याकरण

वाहतुकीची चिन्हे एकेक करून पाठ करणे हा सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत कमी उपयोगाचा मार्ग होय. या चिन्हांना व्याकरण आहे. ते एकदा समजले की न पाहिलेल्या चिन्हाचाही अर्थ लागतो. वर्तुळ आज्ञा देते, त्रिकोण सावध करतो, चौकोन माहिती पुरवतो. वर्तुळाची कडा लाल असेल, तर ‘करू नका’ किंवा ‘यापेक्षा अधिक नको’ अशी आज्ञा समजावी. वर्तुळ निळे आणि आतील खूण पांढरी असेल, तर ‘हे केलेच पाहिजे’ अशी. लाल कडेच्या वर्तुळात ५० हा आकडा असेल, तर ती कमाल वेगमर्यादा. निळ्या वर्तुळात पांढरा आकडा असेल, तर तो किमान वेग. परीक्षेत हा फरक न कळणारे बरेच निघतात, कारण निळे वर्तुळ आपल्या रस्त्यांवर क्वचित दिसते.

या व्याकरणाला दोन मुद्दाम ठेवलेले अपवाद आहेत. ‘थांबा’ हे चिन्ह अष्टकोनी लाल असते आणि ‘रस्ता द्या’ हे चिन्ह उलट्या त्रिकोणाचे. पाटी धुळीने माखली, चिखलाने भरली, तरी नुसत्या आकारावरून ओळखता यावी, हा त्यामागील हेतू. श्रावणातील पावसात घोटी-त्र्यंबक रस्त्यावरून गेलेल्या माणसाला या हेतूचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

गोंधळ होतो तो जोडीच्या चिन्हांत. निळ्या तबकडीवर एकच तिरपी लाल रेघ असेल, तर वाहन उभे करून ठेवण्यास मनाई. दोन रेघांची फुली असेल, तर थांबण्यासही मनाई. पहिल्या ठिकाणी प्रवासी उतरवून लगेच निघता येते, दुसऱ्या ठिकाणी तेवढेही नाही. लाल तबकडीवर आडवा पांढरा पट्टा म्हणजे प्रवेश बंद, तर लाल कडेचे आतून कोरे वर्तुळ म्हणजे दोन्ही दिशांनी वाहनांना बंदी. पायी चालणाऱ्या माणसाचे चित्र त्रिकोणात असेल, तर पुढे पादचारी रस्ता ओलांडतात, सावकाश जा, असा अर्थ होतो. तेच चित्र तिरप्या रेघेसह वर्तुळात असेल, तर पादचाऱ्यांना तेथे मनाई असते. साधे वळण, हेअरपिन वळण आणि लागोपाठची उलटसुलट वळणे यांचे बाण कागदावर सारखेच भासतात. ते ओळखण्याचा सराव पुस्तकापेक्षा बसच्या खिडकीतून उत्तम होतो. कसाऱ्याच्या घाटातून एसटीने एकदा जावे आणि प्रत्येक पाटीनंतर कोणते वळण येते ते पाहावे. तीव्र चढ, तीव्र उतार, दरड कोसळण्याचा धोका आणि निसरडा रस्ता यांचीही उजळणी होऊन जाईल.

रेल्वे फाटकाच्या चिन्हांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. त्रिकोणात फाटकाचे चित्र असेल, तर फाटकावर राखणदार आहे आणि वाफेच्या इंजिनाचे चित्र असेल, तर तो नाही. मुंबई-भुसावळ लोहमार्ग घोटीतूनच जातो. त्यावर विजेची इंजिने धावू लागून कित्येक दशके लोटली, परंतु पाटीवरचे इंजिन अजून धूर सोडते आहे. राखणदार नसलेल्या फाटकाशी वाहन थांबवावे, वाहक किंवा मदतनीस असल्यास त्याने आणि नसल्यास स्वतः चालकाने खाली उतरून रुळांपर्यंत चालत जावे, दोन्ही बाजूंनी गाडी वा ट्रॉली येत नसल्याची खात्री करावी आणि मगच फाटक ओलांडावे, असे कायद्याचे कलम १३१ सांगते. भारतीय रेल्वेने जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेज मार्गांवरील अशी सर्व फाटके बंद केली किंवा तेथे माणूस नेमला, भुयारी मार्ग बांधले. तरीही प्रश्न कायम आहे, कारण नियम ११ मधील मुद्दा कायम आहे. उमेदवाराने त्यावर वाद न घालता ‘उतरून खात्री करावी’ हा पर्याय निवडावा.

प्रश्नांची मराठी हाही एक अडथळा ठरतो. ‘पादचारी’, ‘अग्रक्रम’, ‘प्रतिबंधित’, ‘अरक्षित’ हे शब्द घोटीच्या बाजारात कोणी बोलत नाही. वीस वर्षे ट्रॅक्टर हाकणारा शेतकरी अशा शब्दापाशी अडतो आणि ज्याने कधी हँडल धरले नाही तो बारावीचा विद्यार्थी पुढे निघून जातो. तेव्हा सराव घरात मोठ्याने वाचून करावा आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ आपल्या बोलीत विचारून घ्यावा. उमेदवारांत एक युक्तीही प्रचलित आहे : तिन्ही पर्यायांत सर्वांत लांब असेल, तो बरोबर समजावा. ही युक्ती बरेचदा खरी ठरते, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न तयार करणाऱ्यांनी बरोबर उत्तरात सगळ्या अटी घालायच्या आणि चुकीची उत्तरे दोन शब्दांत आटोपायची, अशी सवय लावून घेतलेली दिसते. मात्र चिन्हांच्या प्रश्नांना ती लागू पडत नाही, आणि तेथेच गुण जातात.

नियमामागील कारण

रस्त्यावरील वर्तनाचे नियम १९८९ मध्ये तयार झाले होते. त्यांच्या जागी २०१७ मध्ये नवे वाहनचालन विनियम आले. त्यांतील बहुतेक नियमांना साधे, व्यवहारी कारण आहे. ते लक्षात घेतले की उत्तर विसरत नाही. अरुंद घाटरस्त्यावर दोन वाहने समोरासमोर आली आणि दोघांना एकाच वेळी जाण्याइतकी रुंदी नसेल, तर उतरणाऱ्याने कडेला थांबून चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. कारण उघड आहे. भरलेले वाहन चढावर थांबले की पुन्हा उचलणे कठीण होते आणि ते मागे घरंगळण्याची भीती असते. कसाऱ्याला जुना आणि नवा असे दोन घाट असल्याने हा प्रसंग तेथे सहसा येत नाही. तो येतो भावली, वैतरणा या बाजूंच्या लहान रस्त्यांवर, आणि तेथे बहुधा उतरणारी मोटार हॉर्न वाजवीत तशीच खाली येते.

पुढील वाहन उजव्या बाजूनेच मागे टाकावे. पुढचा चालक उजवीकडे वळण्याची खूण करून रस्त्याच्या मध्याकडे सरकला असेल, तेव्हाच डावीकडून जाता येते. वळणावर, पुलावर, चढाच्या माथ्यावर, समोरचे दिसत नसताना मागे टाकण्याचा प्रयत्न करू नये. चौपदरी महामार्गावर सलग उजव्या मार्गिकेतून रेंगाळणारी मालमोटार आणि तिला डावीकडून ओलांडणारी मोटारसायकल हे दृश्य रोजचे आहे. परीक्षेत मात्र त्या दृश्याची साक्ष काढून उत्तर देऊ नये. नापास होणाऱ्या अनुभवी चालकांचे येथेच चुकते. ते रस्त्यावर काय चालते ते सांगतात आणि संगणक काय चालायला हवे ते विचारतो.

गोल चौकात आधीपासून वळसा घेत असलेल्या वाहनाला आधी जाऊ द्यावे. झेब्रा पट्ट्यांपाशी पादचारी उभा असेल, तर थांबून त्याला जाऊ द्यावे. हॉर्न वाजवून पुढे जाणे हा पर्याय चुकीचाच. पदपथ नसलेल्या रस्त्यावर पादचाऱ्याने उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन त्याला दिसते. हा प्रश्न हमखास चुकतो, कारण ‘डावीकडून चाला’ हे शाळेपासून मनावर बिंबलेले असते. लुकलुकणारा लाल दिवा म्हणजे थांबून, पाहून जाणे. लुकलुकणारा पिवळा म्हणजे वेग कमी करून जाणे. रुग्णवाहिका व अग्निशमन वाहनाला कडेला होऊन वाट द्यावी. रुग्णालय, न्यायालय यांच्याजवळ हॉर्न वाजवू नये. एकेरी मार्गावर उलटे जाऊ नये, अगदी रिव्हर्स गिअरमध्येसुद्धा.

मद्याच्या बाबतीत आकडा लक्षात ठेवावा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास तो गुन्हा ठरतो. कागदपत्रांत परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र येतात. व्यावसायिक वाहनास त्याखेरीज परमिट व योग्यता प्रमाणपत्र लागते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधील प्रती ग्राह्य धरल्या जातात.

अपघातानंतरच्या कर्तव्यांवर एखादाच प्रश्न येतो, पण महामार्गालगत राहणाऱ्यांसाठी सर्व अभ्यासक्रमात त्याचे मोल अधिक आहे. कलम १३४ नुसार चालकाने जखमी व्यक्तीस वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी शक्य ते सर्व करावे, पोलिसांनी मागितलेली माहिती द्यावी आणि पोलीस घटनास्थळी नसतील, तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर व कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत अपघाताची खबर द्यावी. जमावाच्या रोषामुळे मदत करणे अशक्य असेल, तर तेवढीच सूट आहे. वाहन सोडून पळून जाणे हे कोणत्याही पर्यायात बरोबर नसते. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातानंतरच्या पहिल्या तासाला, अर्थात ‘गोल्डन अवर’ला कायद्यात स्थान दिले आणि मदतीला धावणाऱ्या त्रयस्थाला दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षणही दिले. त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. ‘पोलिसांचे लचांड नको’ म्हणून पाठ फिरवणाऱ्या गावकऱ्यांना ही तरतूद अद्याप पुरेशी ठाऊक नाही. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मात्र आता बहुतेकांना पाठ आहे.

दुसऱ्याने दिलेली परीक्षा

घरबसल्या चाचणीने प्रवास वाचला, रांगा कमी झाल्या, दिवसाची मजुरी बुडेनाशी झाली. खेड्यापाड्यांतील मुलींना तर ही सोय विशेष उपयोगी पडली. परंतु तिच्या मागोमाग ‘चाचणीची काळजी करू नका, ती आम्ही देतो’ असे सांगणारेही आले. उमेदवाराऐवजी दुसराच कोणी उत्तरे देतो, अशा तक्रारी परिवहन विभागाकडे आल्या आणि त्याबद्दल कारवाईचे इशारेही द्यावे लागले. यात फसवणूक शासनाची होते, हे खरे. मात्र ज्याच्या नावावर परवाना निघतो त्याची अधिक होते. उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरावे किंवा निसरड्या रस्त्याची पाटी दिसताच वेग कमी करावा, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते.

शिकाऊ परवाना हाती आला की परीक्षा संपली, हाही असाच एक समज. त्याची मुदत सहा महिने असते आणि ३० दिवस पूर्ण झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. तोवर वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हे अक्षर लावणे बंधनकारक आहे. मोटार चालविताना शेजारी परवानाधारक शिक्षक हवा, आणि तोही गरज पडल्यास वाहन थांबवू शकेल अशा जागी. दुचाकीवर शिकविणाऱ्या परवानाधारकाखेरीज कोणालाही मागे बसविता येत नाही. पावसाळ्यात मित्राला मागे घेऊन भावलीच्या धबधब्याकडे निघालेला शिकाऊ चालक त्या दिवशी हा नियम मोडत असतो, आणि यावर चाचणीत प्रश्नही येतो.

इगतपुरी तालुक्यातील उमेदवारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा टप्पा मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी हा मार्च २०२४ मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. भरवीर घोटीपासून जवळ असल्याने नव्या चालकांना या रस्त्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना प्रवेश नाही. प्रवेशाच्या ठिकाणी लाल कडेच्या वर्तुळांत ही वाहने दाखविलेली असतात.

तयारीला किती दिवस लागतात, असे विचारले जाते. वाचता येणाऱ्या माणसाला रोज अर्धा तास, असे आठ दिवस पुरेत. सारथीवरील सराव चाचणी दोन-तीनदा द्यावी आणि चुकलेले प्रश्न वहीत उतरवून काढावेत. चाचणीच्या दिवशी आधारशी जोडलेला भ्रमणध्वनी जवळ असावा, चेहऱ्यावर पुरेसा उजेड पडेल अशा जागी बसावे आणि शेजारी कोणी नसावे. पावसाळ्यात घोटीला वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नसतो. तेव्हा ज्यांना शक्य असेल त्यांनी सकाळची वेळ निवडावी आणि लॅपटॉप किंवा मोबाइल आदल्या रात्रीच पूर्ण चार्ज करून ठेवावा.